संगणकातील रेंगाळलेल्या प्रक्रिया : आधी ओळख, मग सफाई

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, राकसकोप जलाशयाच्या परिसरात बेळगुंदी हे गाव वसले आहे. सखल शेतांत भात आणि माळाच्या तांबड्या मातीत रताळी अशी या पट्ट्याची शेती. पावसाळ्यात भाताची भांगलण सुरू झाली म्हणजे जाणता शेतकरी नवख्या हाताला प्रथम एकच गोष्ट सांगतो : उपटण्यापूर्वी पाहावे. कारण भाताच्या शेतात उगवणारे काही तण हुबेहूब भातासारखेच दिसते. देवभात या नावाने ओळखले जाणारे रानभात तर लोंबी बाहेर पडेपर्यंत नुसत्या पात्यावरून ओळखू येत नाही. घाईने हात चालविणाऱ्याच्या मुठीत तणाबरोबर पीकही येते.

आज अशा गावांतील शाळा, ग्रामपंचायती, सहकारी संस्था आणि सेवा केंद्रे यांत संगणक पोहोचले आहेत. कर्नाटकात ‘भूमी’ प्रकल्पाखाली सुमारे ६७ लाख खातेदारांच्या २ कोटी जमीन-नोंदी संगणकावर चढविण्यात आल्या. तेव्हापासून शेतकऱ्याचा उतारा हस्तलिखित दप्तरातून निघून संगणकात आला. साहजिकच संगणक अडला की उतारा अडतो आणि उतारा अडला की पीक-कर्जाचा अर्ज अडतो. संगणक अडण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक नेहमी आढळणारे, परंतु क्वचितच समजून घेतले जाणारे कारण म्हणजे काम संपूनही आत रेंगाळत राहिलेल्या प्रक्रिया होत. त्या काढून टाकणे आवश्यक असते. पण त्या काढताना शेजारी चालू असलेले दुसऱ्याचे काम नष्ट होणार नाही, ही काळजी त्याहूनही आवश्यक असते. ही सफाई सुरक्षितपणे कशी करावी, याची माहिती शिक्षक, कर्मचारी आणि जिज्ञासू ग्रामस्थ यांच्यासाठी येथे दिली आहे.

प्रक्रिया म्हणजे काय?

संगणकात साठविलेली आज्ञावली आणि प्रत्यक्ष चालू असलेली प्रक्रिया या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाठ्यपुस्तकातील धडा आणि वर्गात चालू असलेला तास यांत जो फरक, तोच येथे आहे. धडा पुस्तकात एकच असतो. पण एकाच वेळी तीन वर्गांत तीन शिक्षक तोच धडा शिकवीत असू शकतात. धड्याचे नाव एक, तास मात्र तीन. त्याचप्रमाणे एकाच आज्ञावलीच्या अनेक प्रक्रिया एकाच वेळी चालू असू शकतात. त्यांचे नाव एकच असते. काम, मालक आणि सुरू झाल्याची वेळ मात्र निरनिराळी असते.

पूर्वी असा प्रश्न उद्भवत नसे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेला ‘टिफ्रॅक’ हा भारतात घडविलेला आरंभीचा संगणक होय. त्या पिढीतील यंत्रे सामान्यतः एका वेळी एकच काम हाती घेत. पुढे १९६१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत एकाच संगणकाचा वेळ अनेकांत वाटून देण्याच्या पद्धतीचे प्रात्यक्षिक झाले आणि संगणकाचे स्वरूप पालटले. आजच्या साध्या संगणकावर एकही खिडकी उघडलेली नसताना शंभराहून अधिक प्रक्रिया पडद्यामागे चालू असतात. घड्याळ चालविणे, छपाईची वाट पाहणे, जाळ्याशी संपर्क राखणे, विषाणूंचा शोध घेणे ही त्यांची कामे. या सर्वांवर देखरेख करणाऱ्या व्यवस्थेस कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज आणि लिनक्स या आपल्याकडे नेहमी आढळणाऱ्या कार्यप्रणाली होत. कार्यप्रणाली प्रत्येक प्रक्रियेस एक क्रमांक देते आणि तिला कोणत्या प्रक्रियेने जन्म दिला, म्हणजे तिची जनक प्रक्रिया कोणती, याचीही नोंद ठेवते.

प्रक्रिया मागे का राहतात?

काम पूर्ण होताच प्रक्रियेने स्वतःहून संपावे, असा संकेत आहे. परंतु व्यवहारात अडथळे येतात. दूरच्या केंद्रीय संगणकाकडे मागणी पाठविलेली असते आणि मध्येच जाळे तुटते. उत्तराची वाट पाहणारी प्रक्रिया तशीच बसून राहते. खिडकी बंद केली जाते, पण तिच्यामागील प्रक्रिया बंद होत नाही. छपाईयंत्रात कागद अडकतो आणि त्यामागे कामांची रांग खोळंबते. कधी जनक प्रक्रियाच अचानक संपते आणि तिची अपत्ये पोरकी होतात. लिनक्समध्ये अशा पोरक्या प्रक्रियांचे पालकत्व सामान्यतः क्रमांक १ च्या मूळ प्रक्रियेकडे जाते. म्हणून जनक क्रमांक १ असणे हा पोरकेपणाचा पुरावा म्हणता येत नाही. व्यवस्थेने रीतसर सुरू केलेल्या अनेक सेवांचाही जनक तोच असतो.

मागे राहिलेली प्रक्रिया स्मृती अडवून ठेवते, फाइलवरील ताबा सोडत नाही, किंवा एका वेळी एकासच वापरता येणारे एखादे उपकरण धरून बसते. बोटाचे ठसे घेणारे यंत्र जोडलेले असूनही ‘यंत्र उपलब्ध नाही’ असा संदेश येतो, तेव्हा ते आधीच्या प्रक्रियेच्या ताब्यात असण्याचा संभव असतो.

येथे दोन गोष्टींचा घोटाळा होऊ देता कामा नये. पहिली गोष्ट, वीज गेल्यावर प्रक्रिया रेंगाळत नाहीत, त्या सर्वच नाहीशा होतात. मागे राहतात त्या त्यांच्या खुणा. उदाहरणार्थ, लिबरऑफिसमध्ये दस्तऐवज उघडला की त्याच्या शेजारी ताबा दर्शविणारी एक छोटी फाइल तयार होते. वीज गेल्यास ती फाइल तशीच राहते आणि पुढच्या वेळी ‘दस्तऐवज दुसऱ्याने उघडला आहे’ असा इशारा मिळू शकतो. तेथे संपविण्यासारखी प्रक्रियाच नसते. तो दस्तऐवज खरोखर कोणीही उघडलेला नाही, याची खात्री करून पुढे जाणे एवढेच काम असते.

दुसरी गोष्ट मृत प्रक्रियांची. काही प्रक्रिया संपलेल्या असतात, पण जनक प्रक्रियेने त्यांच्या मृत्यूची दखल घेतलेली नसते. म्हणून यादीत नाव तेवढे राहते. इंग्रजीत अशा प्रक्रियेस ‘झोंबी’ म्हणतात. आपल्या ग्रामीण वाचकास हा प्रकार परका वाटू नये. खातेदार निवर्तला तरी वारसांची नोंद होईपर्यंत उताऱ्यावर त्याचे नाव राहते. त्या नावाने कितीही नोटिसा काढल्या तरी उत्तर येणार नाही. काम व्हावयाचे ते दप्तरात. मृत प्रक्रियेसही पुन्हा मारता येत नाही. तिने स्मृतीही अडविलेली नसते, यादीतील एक ओळ मात्र अडविलेली असते. अशा ओळी वाढत असतील तर दोष जनक प्रक्रियेत शोधावा लागतो.

चूक कोठे होते?

पहिली चूक नावावरून संपविण्याची. बेळगाव परिसरातील कोणत्याही मोठ्या गावच्या चावडीवर ‘पाटील, इकडे या’ अशी हाक दिली तर एकच मनुष्य पुढे येईल अशी खात्री कोणी देणार नाही. प्रक्रियांच्या नावांचेही तसेच आहे. विंडोजच्या यादीत ‘एसव्हीसीहोस्ट’ हे नाव अनेकदा दिसते. ही प्रक्रिया विंडोजच्या अंतर्गत सेवांना केवळ आसरा देते आणि एका प्रक्रियेच्या आश्रयास अनेक सेवा असू शकतात. २०१७ सालच्या सुधारणेपासून पुरेशी स्मृती असलेल्या संगणकांवर बहुतेक सेवा स्वतंत्र ठेवण्यात येऊ लागल्या. तरीही नुसत्या नावावरून कोणती सेवा बंद पडेल हे कळत नाही. लिबरऑफिसमध्ये एका वापरकर्त्याचे सर्व उघडे दस्तऐवज सामान्यतः एकाच प्रक्रियेत असतात. त्यांतील एक अडकला म्हणून ती प्रक्रिया संपविली तर उरलेलेही बंद होतात.

नावाच्या आज्ञांचा अर्थ सर्वत्र सारखा असतो असेही नाही. लिनक्सवरील ‘किलऑल’ ही आज्ञा दिलेल्या नावाच्या प्रक्रियांना उद्देशून असते. सन कंपनीने घडविलेल्या ‘सोलारिस’ या कार्यप्रणालीत त्याच नावाची आज्ञा संगणक बंद करतेवेळी सर्व चालू प्रक्रिया संपविण्यासाठी आहे. एका ठिकाणची सवय दुसऱ्या ठिकाणी नेल्यास केवढा अनर्थ होईल, हे यावरून ध्यानात यावे.

दुसरी चूक नावातील तुकड्यावरून शोधण्याची. ‘निकाल’ हा शब्द ज्या ज्या ओळीत येईल ती प्रक्रिया संपवा, अशी आज्ञा दिली तर निकाल छापणारी अडकलेली प्रक्रिया सापडेल. पण निकालाची फाइल उघडून गुण भरणाऱ्या शिक्षकाची प्रक्रियाही त्याच जाळ्यात सापडेल. कित्येकदा शोध घेणारी आज्ञा स्वतःच आपल्या यादीत दिसते, कारण तिच्या ओळीतही तोच शब्द असतो.

तिसरी चूक जुन्या क्रमांकावर विसंबण्याची. प्रक्रिया संपली की तिचा क्रमांक पुढे दुसऱ्या प्रक्रियेस मिळू शकतो. लिनक्समध्ये या क्रमांकांची मर्यादा पूर्वापार ३२,७६८ इतकी होती. अलीकडे ६४-बिट संगणकांवर ती ४१,९४,३०४ पर्यंत वाढविलेली आढळते. मर्यादा गाठली की रिकामे झालेले क्रमांक पुन्हा वापरले जातात. गतवर्षीच्या हजेरीपटावरील १७ व्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याविषयी तक्रार होती, म्हणून यंदाच्या १७ व्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यास शिक्षा करावी, असे कोणताही शिक्षक म्हणणार नाही. परंतु काल कागदावर टिपलेल्या क्रमांकाची प्रक्रिया आज न पाहता संपविणारा नेमके हेच करीत असतो.

चौथी चूक वयावरून किंवा स्वस्थपणावरून निष्कर्ष काढण्याची. चार दिवसांपासून चालू असलेली प्रक्रिया रेंगाळलेलीच असेल असे नाही; छपाईची सेवा संगणक सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत चालू राहावी अशीच योजना असते. यादीत ‘शून्य टक्के’ असे दिसते म्हणून ती निरुपयोगी ठरत नाही. टपालपेटी दिवसभर काही करीत नसते; तिचे असणे हेच तिचे काम असते.

ओळखीच्या खुणा

कोणतीही प्रक्रिया संपविण्यापूर्वी पुढील सहा गोष्टी पाहाव्यात.

१. क्रमांक : हा नेहमी ताज्या यादीतून घ्यावा.

२. आरंभाची वेळ : क्रमांक पुन्हा वापरला जाऊ शकतो, पण तोच क्रमांक आणि तीच आरंभवेळ अशी जोडी सहसा दुसऱ्या प्रक्रियेस मिळत नाही. म्हणून या दोहोंचा मिळून विचार करावा.

३. मालक : ही प्रक्रिया कोणत्या वापरकर्त्याच्या खात्यावरून सुरू झाली आहे?

४. जनक : ती कोणी सुरू केली? जनक अजून चालू असेल तर तो तिच्यावर विसंबून असण्याचा संभव आहे. शिवाय काही सेवांवर देखरेख करणारी यंत्रणा ती प्रक्रिया संपताच पुन्हा नवी सुरू करते. तेथे प्रक्रिया संपविण्याऐवजी सेवाच रीतसर थांबवावी लागते.

५. संपूर्ण आज्ञा-ओळ : नुसत्या नावाऐवजी ती कोणत्या सूचनांसह सुरू झाली ते पाहावे.

६. उघड्या फाइली व उपकरणे : तिच्या ताब्यात काय आहे?

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली असता ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यातील ‘डिटेल्स’ या भागात क्रमांक व वापरकर्ता दिसतो आणि ‘सिलेक्ट कॉलम्स’ मधून आज्ञा-ओळीचा स्तंभ जोडता येतो. आरंभवेळ पाहण्यासाठी ‘पॉवरशेल’ किंवा मायक्रोसॉफ्टचेच ‘प्रोसेस एक्स्प्लोरर’ हे साधन उपयोगी पडते. लिनक्समध्ये ‘पीएस’ या आज्ञेने क्रमांक, जनक, मालक, आरंभवेळ आणि आज्ञा-ओळ ही सर्व माहिती एकत्र मिळते, तर ‘एलएसओएफ’ या आज्ञेने उघड्या फाइली कळतात.

एक उदाहरण

समजा, बेळगुंदीसारख्या गावातील एका माध्यमिक शाळेत लिनक्सचा एक संगणक आहे. त्यावर ‘कार्यालय’ आणि ‘परीक्षा’ अशी दोन खाती आहेत. परीक्षेच्या कामासाठी एक छोटी आज्ञावली लिहिलेली आहे. ती लिबरऑफिस पडद्यामागे चालवून गुणपत्रकांच्या छपाईयोग्य प्रती तयार करते. मंगळवारी सायंकाळी ४ वाजून ४० मिनिटांनी ती सुरू केली, पण मध्येच अडकली. बुधवारी सकाळी परीक्षा विभागाचे शिक्षक येऊन पाहतात तो त्यांच्या खात्यावर लिबरऑफिसची खिडकीच उघडत नाही. दुपारी पालक गुणपत्रके नेण्यास येणार आहेत.

‘लिबरऑफिस अडकले आहे, सगळे बंद करून टाकू’ असा विचार कोणाच्याही मनात येईल. व्यवस्थापकाचा अधिकार वापरून नावाने आज्ञा दिली तर ते एका क्षणात होईलही. परंतु शिक्षक यादी काढतात, तेव्हा लिबरऑफिसच्या दोन प्रक्रिया दिसतात. पहिलीचा मालक ‘परीक्षा’, आरंभ मंगळवार ४.४०, आज्ञा-ओळीत पडद्यामागे चालविण्याची सूचना. दुसरीचा मालक ‘कार्यालय’, आरंभ बुधवार १०.२०, आणि तिच्यात शिष्यवृत्तीच्या अर्जांची फाइल उघडलेली. शाळेचे लिपिक सकाळपासून विद्यार्थ्यांची माहिती भरीत होते. मुख्याध्यापकांनी बोलाविले म्हणून खाते तसेच उघडे ठेवून ते उठले आहेत. शेवटच्या अर्ध्या तासाचे काम साठविलेले आहे की नाही, हे त्यांनाच ठाऊक.

नाव दोहोंचे एक. पण मालक, वेळ, आज्ञा-ओळ आणि फाइल या चारही खुणा वेगळ्या. शिक्षक प्रथम लिपिकांना बोलावून काम साठवावयास सांगतात. मग ‘परीक्षा’ खात्यावरील प्रक्रियेचा क्रमांक ताज्या यादीतून घेऊन, व्यवस्थापकाचा अधिकार न वापरता, आपल्याच खात्यातून तिला थांबण्याची सूचना देतात. आपल्या खात्यातून काम केल्याने आणखी एक लाभ होतो : हातून चूक झालीच, तर कार्यप्रणाली दुसऱ्या खात्यावरील प्रक्रियेस हात लावू देत नाही. गुणपत्रके दुपारी तयार होतात आणि शिष्यवृत्तीचे अर्जही सुरक्षित राहतात. या साऱ्यास लागलेला जास्तीचा वेळ पाच मिनिटांचा.

कारवाईचा क्रम

अतिक्रमण हटवितानाही आधी नोटीस, मग मुदत आणि त्यानंतर कारवाई असा क्रम कायद्याने घालून दिलेला असतो. प्रक्रियांच्या बाबतीतही हाच क्रम योग्य होय.

लिनक्सवरील ‘किल’ या आज्ञेचे नाव भयंकर असले तरी तिचे काम केवळ संकेत पोहोचविण्याचे आहे. संकेत क्रमांक १५ म्हणजे ‘काम आवरा’ अशी नोटीस. ती मिळताच नीट लिहिलेली प्रक्रिया आपली माहिती साठविते, फाइली बंद करते, ताबा सोडते आणि संपते. संकेत क्रमांक ९ मात्र प्रक्रियेस कळविलाच जात नाही. कार्यप्रणाली तिला तत्काळ संपविते. अर्धवट लिहिलेली फाइल अर्धवट राहते, ताब्याची खूण मागे उरते. विंडोजमध्ये ‘टास्ककिल’ ही आज्ञा साधेपणाने दिली तर ती खिडकी बंद करण्याची विनंती करते. तिला सक्तीची जोड दिली तर प्रक्रिया विचारणा न होता संपते.

म्हणून आधी १५ चा संकेत द्यावा आणि पुरेसा वेळ थांबावे. थांबल्यानंतरही प्रक्रिया चालू दिसत असेल तर लगेच ९ कडे वळू नये. पुन्हा यादी काढून क्रमांक आणि आरंभवेळ तीच आहे ना, हे पडताळावे. मधल्या काळात मूळ प्रक्रिया संपून तो क्रमांक दुसऱ्या कोणास गेला असण्याची शक्यता अल्प असली तरी शून्य नाही. खात्री झाल्यावरच सक्तीचा उपाय करावा. जिची अपत्ये चालू आहेत अशी प्रक्रिया संपविताना तिचा सारा वंश संपविण्याची सोयही असते. ती वापरण्यापूर्वी त्या वंशात कोण कोण आहे ते वाचून घ्यावे.

काही प्रक्रिया ९ च्या संकेतासही दाद देत नाहीत. तबकडी किंवा अन्य उपकरणाच्या उत्तरासाठी खोळंबलेल्या प्रक्रियेची लिनक्सच्या यादीतील अवस्था ‘डी’ या अक्षराने दाखविली जाते. असा खोळंबा टिकून राहिला तर मूळ दोष बहुधा उपकरणात, तारेत किंवा जाळ्यात असतो. तो दूर करावा.

संगणक बंद करून पुन्हा सुरू करणे हा उपाय कमीपणाचा नव्हे. एकट्याने वापरावयाच्या संगणकावर, काम साठवून झाल्यावर, तो पुष्कळदा सर्वांत सोपा ठरतो. परंतु अनेकांनी वापरावयाच्या संगणकावर पुन्हा सुरू करणे म्हणजे सर्वांच्याच प्रक्रिया संपविणे होय. तेथे सर्वांना आगाऊ सूचना दिल्याखेरीज तसे करू नये.

पेरतानाच खूण

येथवर सांगितलेली काळजी ही अडचण उद्भवल्यानंतरची झाली. खरा उपाय आरंभीच करावयाचा असतो. छत्तीसगडच्या भातशेतीत रानभाताचा उपद्रव मोठा आहे. तेथे जांभळ्या पानांच्या भाताच्या जातींचा उपयोग केला जातो. जांभळे ते पीक आणि हिरवे ते तण, हे मग कोणासही दुरून ओळखता येते. भांगलणीच्या वेळचा संशय पेरणीच्या वेळीच मिटविलेला असतो.

संगणकशास्त्रातही हीच दिशा स्वीकारण्यात आली आहे. गूगल कंपनीतील पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या कामातून लिनक्समध्ये ‘सीग्रुप’ ही सोय आली. २००८ मध्ये ती मुख्य लिनक्समध्ये समाविष्ट झाली. एखादी सेवा सुरू करताना तिला एका गटात ठेवले की तिच्यापासून निर्माण होणाऱ्या प्रक्रिया, त्या पोरक्या झाल्या तरी, त्याच गटात राहतात. सेवा थांबविताना तो गट तेवढा संपवावयाचा. नावाचा किंवा तुकड्याचा शोधच नको. २०१० मध्ये पुढे आलेली ‘सिस्टमडी’ ही व्यवस्था याच सोयीच्या आधारे सेवा चालविते. विंडोजमध्ये ‘जॉब’ या नावाची तशीच सोय विंडोज २००० पासून आहे. जुन्या क्रमांकाच्या धोक्यावरही २०१९ मध्ये लिनक्समध्ये ‘पीआयडी-एफडी’ हा उपाय आला. त्याद्वारे आज्ञावलीस क्रमांकाऐवजी त्या विशिष्ट प्रक्रियेचाच धागा हाती धरता येतो. प्रक्रिया संपली तर संकेत दुसऱ्या कोणास न जाता वाया जातो.

अशा व्यवस्थेचे महत्त्व महासंगणकावर विशेष जाणवते. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. अशा यंत्रांवर अनेक संशोधकांची कामे शेजारी शेजारी चालतात. एकाचे काम संपल्यावर मागे राहिलेले काढताना दुसऱ्याचे अनेक दिवसांचे गणित नष्ट होणे परवडणारे नसते. म्हणून आजच्या महासंगणकांवर प्रत्येक कामास स्वतंत्र क्रमांक देऊन त्याच्या प्रक्रिया त्या कामाच्या नावे बांधून ठेवणारी व्यवस्था असते आणि सफाई त्या हिशेबाने होते.

शाळा किंवा ग्रामपंचायतीस एवढा खटाटोप करण्याचे कारण नाही. निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळी खाती ठेवावीत. आज्ञावली लिहिणाऱ्याने प्रक्रिया सुरू होताच तिचा क्रमांक आणि आरंभवेळ या दोहोंची नोंद करून ठेवण्याची तजवीज करावी. ताबा दर्शविण्यासाठी नुसती फाइल ठेवण्याऐवजी कार्यप्रणालीचे कुलूप वापरावे. प्रक्रिया संपताच ते आपोआप सुटते. तालुका किंवा जिल्हा स्तरावर आपोआप सफाई करणारी आज्ञावली तयार करावयाची असल्यास ती काही दिवस केवळ यादी दाखविणारी ठेवावी. ती यादी जाणत्या माणसाने तपासावी आणि मगच तिला संपविण्याचा अधिकार द्यावा. जिची ओळख पटत नाही तिला हात लावू नये, असाच नियम त्या आज्ञावलीत असावा.

मोबाइलविषयी दोन शब्द

हा विषय केवळ कार्यालयांचा नाही. अनेकजण दिवसातून कित्येकदा मोबाइलवरील सर्व अॅप बोटाने सरकवून बंद करतात. अँड्रॉइड प्रणाली स्मृती कमी पडू लागताच मागील प्रक्रिया स्वतःच आवरते, त्यामुळे या नित्याच्या सफाईची सहसा गरज नसते. ‘फोर्स स्टॉप’ केलेले अॅप तर पुन्हा उघडेपर्यंत सूचना देत नाही. जे अॅप अडकले आहे तेवढेच बंद करावे. उरलेल्यांस हात लावू नये.

समारोप

सारांश, रेंगाळलेल्या प्रक्रियांची सफाई हे मुख्यतः ओळख पटविण्याचे काम आहे. संपविणे ही त्यातील अखेरची आणि सर्वांत छोटी पायरी होय. प्रत्येक संगणकाजवळ पुढील पाच सूचना लिहून लावल्यास उपयोग होईल : संगणकावर कोणाचे काम चालू आहे ते विचारावे, सर्वांनी काम साठवावे, ताज्या यादीतून क्रमांक, आरंभवेळ, मालक आणि आज्ञा-ओळ पाहावी, आधी नोटीस द्यावी आणि थांबावे, सक्ती करण्यापूर्वी पुन्हा पडताळावे. काय संपविले, केव्हा आणि कोणी, याची एक ओळ नोंदवहीत करावी. तीच अडचण पुन्हा पुन्हा येत असेल तर मूळ दोष शोधण्यास ही नोंद उपयोगी पडते.

रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्यास उतारा लवकर हवा असतो आणि कर्मचाऱ्यावर घाईचे दडपण असते, हे खरे आहे. परंतु शेजारच्या खात्यावर चालू असलेले कामही अशाच कोणा दुसऱ्याचे असते. पाच मिनिटे पाहून मग हात घालावा. भांगलणीत पाळावयाचा हा नियम संगणकासमोर बसणाऱ्यासही तितकाच लागू आहे.